नकोशी जमीन

जमिनीसाठी बांध कोरणारा, कोर्टाच्या पायऱ्या झिजवणारा माणूस सर्वांच्या परिचयाचा आहे. पण जमीन नकोशी झालेला माणूसही असतो, आणि कायद्याच्या दारी त्याची गत अधिक विचित्र होते. फाटके धोतर उकिरड्यावर टाकता येते. वाडा टाकता येत नाही.

1727 साली वसविलेल्या जयपूरच्या तटबंदीतील एखादी जुनी हवेली घ्यावी. वारस अनेक, भाडेकरू हटवादी, छत गळके. मालकाने किल्ली नगरपालिकेच्या टेबलावर ठेवून ‘आजपासून ही आमची नव्हे’ असे म्हटले, तर मालकी सुटत नाही. दान करावे म्हटले, तरी 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यान्वये नोंदणीकृत दस्त हवा, आणि घेणाऱ्याची स्वीकृतीही हवी. कुलूप लावून परगावी गेले तरी कराची बाकी वाढतच राहते. भिंत कोसळून वाटसरू जखमी झाला, तर शोध मालकाचाच होतो. मात्र परक्याने मालकाचा हक्क न जुमानता बारा वर्षे उघड ताबा ठेवला, तर 1963 च्या मुदतीच्या कायद्याने मालकी जाते. म्हणजे एकाने सोडल्याने नव्हे, तर दुसऱ्याने धरल्याने!

शेतजमिनीचे निराळे. राजस्थानच्या 1955 च्या कूळकायद्यात जमीन सोडून देण्याची तरतूद आहे. महाराष्ट्रात 1966 च्या जमीन महसूल संहितेप्रमाणे, शेतीवर्ष सुरू होण्यापूर्वी किमान 30 दिवस तहसीलदारास लेखी सूचना देऊन भोगवटादार जमीन शासनाकडे सोडू शकतो. जुन्या महसुली भाषेत यालाही ‘राजीनामा’च म्हणत. पण संपूर्ण भूमापन क्रमांक किंवा पोटहिस्साच सोडावा लागतो. खडकाळ कोपरा सरकारला आणि काळी जमीन घरी, ही सोय नाही.

बेवारस मिळकतीचा स्वीकार करताना मात्र सरकारचा हात आखडत नाही. खेतडीचे राजे सरदारसिंह 1987 साली निपुत्रिक वारले. राजस्थान सरकारने 1956 च्या बेवारस मालमत्तेच्या कायद्याखाली, जयपूरच्या खेतडी हाऊससह, त्यांच्या मिळकती ताब्यात घेतल्या. वास्तविक राजांचे मृत्युपत्र एका न्यासाच्या नावे होते. दिल्ली उच्च न्यायालयाने ते 2012 साली अमान्य केले. 2023 साली त्याच न्यायालयाच्या खंडपीठाने ग्राह्य धरले. 2025 साली सर्वोच्च न्यायालयाने राज्याची याचिका फेटाळली. हक्क सांगणारे एकाहून अधिक होते. तरी दावा चालू असताना खेतडी हाऊसची पडझड होतच राहिली.