माथेरानची बाजारपेठ तुमच्या ट्रंकेत आहे

माथेरानच्या बाजारपेठेचे जुने फोटो शोधायचे तर माथेरानला जाऊ नका, आपापल्या माळ्यावर चढा. दादर, गिरगाव, डोंबिवली, सदाशिव पेठ. या भागातल्या किती घरांत तो फोटो आहे! लग्नानंतर फिरायला गेलेलं जोडपं, नाहीतर घोड्यावर बसवलेलं आणि भोकाड पसरलेलं पोर. पोराच्या मागे महात्मा गांधी रस्ता, चपलांची दुकानं, चिक्कीच्या पाट्या. तुम्ही बघता पोराकडे. मी म्हणतो, जरा मागे बघा.

लग्नाच्या पंगतीचा फोटो आठवा. मधोमध नवरा-नवरी घास भरवताहेत आणि कडेला वाढपी, तोही अर्धा कापलेला. पण पंगत कुठवर आली हे नवरा-नवरीकडे बघून कळतं का? नाही. ते कळतं पानावरून. नुसतं मीठ-लिंबू आहे की वरणभात पडलाय, जिलबी आली की मठ्ठ्याची वाटी? रस्त्याचंही पान असंच वाढलं जातं. आधी माती, मग विजेचे खांब, मग पत्रे, मग पाट्या. काय वाढलंय ते बघितलं की वेळ सांगता येते.

माथेरानला याची गरज जास्त, कारण तिथे मोटार नाही. एरवी गावच्या पेठेचा फोटो गाड्यांवरून ओळखतात. मारुती ८०० दिसली की १९८३च्या आधीचा नव्हे, एवढं तर शाळेतलं पोरही सांगेल. इथे मोटारी खालीच, दस्तुरी नाक्याला थांबतात. वर वर्षानुवर्षं घोडे, हातरिक्षा आणि तांबडी माती हेच होतं. त्यामुळे आजोबांचा फोटो आणि नातवाचा फोटो एकाच दिवशी काढल्यासारखे दिसतात. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट १८५० साली या डोंगरावर चढले, नगरपालिका १९०५ची, आणि आदमजी पीरभॉय यांच्या घराण्यानं बांधलेली नेरळची छोटी गाडी १९०७ची. म्हणजे फोटोत रूळ दिसले तर तो १९०७ नंतरचा. इंजिन वाफेचं असेल तर ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीच्या अलीकडे सहसा येणार नाही. पिवळी एसटीडी-पीसीओची पाटी असेल तर नव्वदीच्या आसपास या. आणि पायाखाली पेव्हर ब्लॉक असतील तर तो अगदी कालचा. पान मठ्ठ्यापर्यंत आलं म्हणायचं. पेव्हर हवेत की नकोत हा वाद मोठा आहे. पावसात मातीचं काय होतं, घोड्यांचे पाय कसे घसरतात... पण त्यात शिरलो तर माझी मिनिटं संपतील.

मला सांगायचंय ते वाढप्याबद्दल. फोटोच्या कडेला जी माणसं अर्धी आली आहेत, ती माथेरानची. घोडा धरणारा, डोक्यावर बॅग घेतलेला हमाल, हातरिक्षा पुढून ओढणारा आणि मागून ढकलणारे. यांतल्या बहुतेकांकडे कॅमेरा कुठला असायला? त्यांच्या उमेदीच्या वर्षांतला एकुलता फोटो कदाचित तुमच्या अल्बममध्ये असेल, तुमच्या मावशीच्या खांद्यामागे. याच गावात १९१२ साली न्हाव्याच्या घरात विठ्ठल लक्ष्मण कोतवाल जन्मले. ते वकील झाले, बेचाळीसच्या लढ्यात त्यांनी आझाद दस्ता हे पथक उभारलं आणि २ जानेवारी १९४३ला सिद्धगडावर हुतात्मा झाले. भाई कोतवालांचं नाव राहिलं, ते राहायलाच हवं. पण त्यांच्या आळीतली, त्यांच्या वयाची बाकीची पोरं कशी दिसत होती? ती कुणाच्या तरी सहलीच्या फोटोतच सापडायची.

आणि हे आत्ताच का सांगतोय? २०२२च्या डिसेंबरात तिथे चाचणी म्हणून ई-रिक्षा आल्या. २०२५च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानं हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करायला सांगितलं. माणसानं माणसाला ओढू नये, यात दुमत नाही. ते फार आधीच व्हायला हवं होतं. पण ज्यांनी आपल्याला चढावर ओढून नेलं, त्यांचे चेहरे तरी राहू द्या. आणि आपण काय करतो? फोटो फ्रेममध्ये बसत नाही म्हणून कात्रीनं कडा छाटतो! वाढपी गेला, पानही गेलं. नुसता घास भरवणारा हात राहिला. कृपा करून कात्री लावू नका. फोनवर फोटोचा फोटो काढतानाही चारी कोपरे येऊ द्या.

चिकटपट्टीच्या पानांचे ते अल्बम असतात ना, प्लॅस्टिकचा कागद वर ओढायचा, त्यांचा डिंक फोटोला खातो. त्यातून फोटो कसे सोडवायचे ते... नाही, रेडिओ स्टुडिओतल्या बाईंनी काचेपलीकडून एक बोट दाखवलंय. एकच मिनिट उरलंय.

तेव्हा शेवटचं एकच सांगतो. फोटोच्या मागे लिहा. मऊ पेन्सिलीनं, हलक्या हातानं. बॉलपेनचा वण पुढच्या बाजूला उमटतो. कोण आहे एवढंच लिहून थांबू नका, ते तुम्हाला माहीतच आहे. कुठे उभे होतात, कोणतं साल, आणि मागे कुठलं दुकान, तेही लिहा. साल आठवत नसेल तर 'धाकटीच्या बारशाच्या सुमारास' असं लिहिलं तरी चालेल, काही नसण्यापेक्षा बरं. घरात ऐंशी ओलांडलेलं कुणी असेल तर अल्बम घेऊन आज संध्याकाळीच त्यांच्याजवळ बसा. दिवाळीच्या सुट्टीवर ढकलू नका. आणि पुढच्या खेपेला माथेरानला जाल तेव्हा त्या फोटोची एक प्रत बरोबर न्या आणि बाजारात एखाद्या जुन्या दुकानदाराला दाखवा. कडेचा माणूस कोण, ते तोच सांगेल.