नर्स प्रॅक्टिशनर आणि डॉक्टरेटची अट

अमेरिकेत रुग्णसेवेतील प्रगत अधिकार असलेल्या परिचारिकांचे चार वर्ग मानले जातात. त्यांत नर्स प्रॅक्टिशनर, भूल देणारी परिचारिका, बाळंतपण करणारी नर्स-मिडवाइफ आणि क्लिनिकल नर्स स्पेशालिस्ट यांचा समावेश होतो. नर्स प्रॅक्टिशनर रुग्णाला तपासते, निदान करते आणि औषधे लिहून देते. निम्म्याहून अधिक राज्यांत यासाठी तिला डॉक्टरच्या देखरेखीची गरज नसते. इतक्या मोठ्या अधिकारासाठी पदव्युत्तर पदवी पुरेशी आहे की डॉक्टरेट सक्तीची हवी, यावर तेथील परिचर्या क्षेत्रात दोन दशकांहून अधिक काळ मतभेद आहेत.

नर्स प्रॅक्टिशनरच्या शिक्षणाची सुरुवात १९६५ साली कोलोरॅडो विद्यापीठात झाली. सार्वजनिक आरोग्य क्षेत्रात काम केलेल्या परिचारिका लोरेटा फोर्ड आणि बालरोगतज्ज्ञ हेन्री सिल्व्हर यांनी हा अभ्यासक्रम आखला. ज्या मुलांपर्यंत डॉक्टर पोहोचत नव्हते, त्यांची तपासणी आणि देखभाल अनुभवी परिचारिकेने करावी, हा त्यामागचा विचार होता. आरंभीचे असे अभ्यासक्रम प्रमाणपत्रापुरते असत. पुढील दशकांत पदव्युत्तर पदवी हा सर्वमान्य दर्जा ठरला.

ऑक्टोबर २००४ मध्ये परिचर्या महाविद्यालयांच्या राष्ट्रीय संघटनेने ठराव केला. २०१५ पर्यंत या चारही वर्गांचे शिक्षण ‘डॉक्टर ऑफ नर्सिंग प्रॅक्टिस’, म्हणजे डीएनपी, या पदवीपर्यंत न्यावे, असे त्यात म्हटले होते. ही पदवी पीएचडीहून वेगळी आहे. पीएचडी नवे संशोधन करायला शिकवते, तर डीएनपी झालेले संशोधन रुग्णसेवेत कसे उतरवावे हे शिकवते. ठरावामागची कारणे हलकी नव्हती. एकाच रुग्णाला चार-पाच जुनाट आजार असणे नेहमीचे झाले होते. औषधनिर्माणशास्त्र आणि फिजिओथेरपी या शाखा व्यावसायिक डॉक्टरेटकडे वळल्या होत्या. शिवाय नर्स प्रॅक्टिशनरचा पदव्युत्तर अभ्यासक्रम इतका फुगला होता की इतर विषयांच्या मानाने विद्यार्थिनी कितीतरी जास्त अभ्यास करून तीच पदवी घेत. हा शेवटचा मुद्दा न्याय्यच आहे. केलेल्या श्रमाला त्याच्या तोलाची पदवी मिळायला हवी.

खरा प्रश्न वाढीव काळात काय शिकवले जाते हा आहे. डीएनपीसाठी पदवीनंतर किमान १००० तासांचे प्रात्यक्षिक ठरवण्यात आले. मात्र वाढीव अभ्यासक्रमाचा बराच भाग गुणवत्ता-सुधारणा, माहितीचे विश्लेषण, आरोग्यधोरण, नेतृत्व आणि अंतिम प्रकल्प यांना दिलेला असतो. प्रकल्पाचे तासही अनेक ठिकाणी या १००० तासांत मोजले जातात. प्रत्यक्ष रुग्ण पाहण्याची नर्स प्रॅक्टिशनरसाठीची किमान मर्यादा दीर्घकाळ ५०० तासच होती. ती २०२२ मध्ये ७५० झाली. भूल देणाऱ्या परिचारिकेला मात्र किमान २००० तास प्रत्यक्ष काम करावे लागते. रुग्णाच्या दृष्टीने पदवीच्या नावापेक्षा हे तास महत्त्वाचे आहेत. सक्तीच्या बाजूने बोलणारे याच ठिकाणी सर्वांत कमी बोलतात, ही खेदाची गोष्ट आहे.

पुराव्याकडे पाहिले तरी पदवीच्या नावाला फारसे महत्त्व नाही, हेच जाणवते. नर्स प्रॅक्टिशनरच्या क्षमतेसाठी जानेवारी २००० मध्ये ‘जामा’ या नियतकालिकात आलेला अभ्यास नेहमी पुढे केला जातो. न्यूयॉर्कमधील १३१६ रुग्णांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी विभागणी करून काहींना डॉक्टरांकडे, तर काहींना नर्स प्रॅक्टिशनरकडे पाठवले होते. सहा महिन्यांनी दोन्ही गटांच्या प्रकृतीत लक्षणीय फरक आढळला नाही. या अभ्यासातल्या परिचारिका डीएनपी झालेल्या नव्हत्या. ही पदवी तेव्हा रूढच झालेली नव्हती. अभ्यासाचे नेतृत्व कोलंबिया विद्यापीठाच्या मेरी मंडिंगर यांनी केले आणि पुढे डॉक्टरेटच्या चळवळीतही त्याच आघाडीवर राहिल्या. त्यांच्याच पुढाकाराने २००८ मध्ये डॉक्टरांच्या परवाना परीक्षेच्या धर्तीवर डीएनपीधारकांची एक ऐच्छिक परीक्षा सुरू झाली. पहिल्या वेळी जवळपास निम्मेच उमेदवार उत्तीर्ण झाले. ती परीक्षा पुढे टिकली नाही. डॉक्टरांच्या संघटनांच्या हाती मात्र या निकालाने मुद्दा मिळाला.

दवाखान्यात डीएनपीधारकाने स्वतःला ‘डॉक्टर’ म्हणवावे का, यावरूनही बराच वाद झाला. कॅलिफोर्नियासारख्या राज्यांत कायद्याने त्यावर मर्यादा आहेत. रुग्णाला समोरची व्यक्ती कोण आहे हे स्पष्ट कळले पाहिजे, एवढे मान्य केले की या वादात फारसे उरत नाही.

२००४ चा ठराव महाविद्यालयांचा होता, परवाने देणाऱ्यांचा नव्हता. परवाना राज्यांची परिचर्या मंडळे देतात. २००८ मध्ये ठरलेल्या राष्ट्रीय आराखड्यातही पदव्युत्तर शिक्षणाचीच अट राहिली. त्यामुळे २०१५ ची मुदत टळली. नर्स प्रॅक्टिशनरच्या प्राध्यापकांच्या संघटनेने २०१८ मध्ये २०२५ ही नवी मुदत ठरवली. तीही उलटून गेली आणि पदव्युत्तर अभ्यासक्रम चालूच आहेत. नर्स-मिडवाइफांच्या संघटनेने डॉक्टरेटची सक्ती स्वीकारलीच नाही. फक्त भूल देणाऱ्या परिचारिकांच्या क्षेत्रात, १ जानेवारी २०२२ पासून प्रवेश घेणाऱ्या प्रत्येकीला डॉक्टरेटच करावी लागते. तेथे मान्यता देणारी संस्था एकच आहे आणि अभ्यासक्रम आधीच लांब होता, म्हणून हे जमले.

सक्तीची किंमतही मोजावी लागते. बहुतेक विद्यार्थिनी नोकरी आणि संसार सांभाळून शिकतात. आणखी एक-दोन वर्षे आणि त्यांचे शुल्क हा त्यांच्यासाठी मोठा बोजा असतो. ज्या गावांत नर्स प्रॅक्टिशनर हाच एकमेव आधार आहे, तेथे नवी परिचारिका उशिरा पोहोचते. डीएनपी देणाऱ्या संस्था ४०० च्या वर गेल्या, पण त्याच काळात परिचर्येतील पीएचडीचे प्रवेश घटले. संशोधन करणाऱ्याच कमी झाल्या, तर डीएनपीधारकांनी रुग्णसेवेत उतरवायचे ते ज्ञान येणार कोठून? या धोक्याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही.

आपल्याकडे भारतीय परिचर्या परिषदेने अतिदक्षता विभागासाठी नर्स प्रॅक्टिशनरचा जो अभ्यासक्रम आखला आहे, तो दोन वर्षांचा निवासी पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे आणि त्याचा बहुतेक वेळ प्रत्यक्ष अतिदक्षता विभागात जातो. हे धोरण योग्यच आहे. येथील अडचण वेगळी आहे. शिकून बाहेर पडणाऱ्या परिचारिकेला स्वतंत्रपणे औषध लिहिण्याचा अधिकार नाही, त्यामुळे तिला आधी ठरवून दिलेल्या उपचार-सूचनांच्या चौकटीतच काम करावे लागते.