एका डोळ्याची गाडी

(रौप्यमहोत्सवी वर्षात दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आपल्या पार्किंगमध्ये ज्या गप्पा झाल्या, त्यांतल्या एका संध्याकाळच्या भाषणाचा हा मजकूर.)



कमिटीने मला बोलायला सांगितलं तेव्हा बहुतेकांना वाटलं, हे आता मुदत ठेवी आणि नॉमिनेशनवर बोलणार. बँकेत जन्म काढलेला माणूस दुसरं काय बोलणार? पण नॉमिनेशनवर मागच्या वार्षिक सभेत बोलून झालंय. ज्यांनी तेव्हा फॉर्म भरले नाहीत, ते आजही भरणार नाहीत. म्हणून आज विषय वेगळा घेतलाय. गाडीच्या हेडलाइटचा बल्ब घरच्या घरी कसा बदलायचा, आणि तो त्याच दिवशी का बदलायचा.

पंचवीस वर्षांपूर्वी आपण इथे राहायला आलो तेव्हा या पार्किंगमध्ये चार-पाच मोटारी आणि बाकी सगळ्या स्कूटर. मुलं इथे क्रिकेट खेळायची. आता पाहुण्यांची गाडी लावायला जागा नाही. मी संध्याकाळी गेटजवळच्या बाकावर बसतो. परत येणाऱ्या गाड्या बघणं हा निवृत्त माणसाचा हक्काचा करमणुकीचा कार्यक्रम. त्यात हमखास एखादी गाडी एका डोळ्याची असते. आज असते, उद्या असते, पुढच्या आठवड्यातही तीच असते. मी विचारलं तर उत्तर ठरलेलं: ‘हो काका, सर्व्हिसिंगला टाकणारच आहे, तेव्हा होईल.’ सर्व्हिसिंग दोन महिन्यांनी! नाव सांगत नाही, मालक समोरच बसलेत.

एक दिवा चालू आहे, रस्ता दिसतोय, मग अडलं कुठे? अडतं ते समोरून येणाऱ्याचं. अंधारात त्याला तुमची गाडी दिसत नाही, फक्त दिवे दिसतात. दोन दिव्यांमधल्या अंतरावरून तो तुमची रुंदी धरतो. एकच दिवा दिसला की तो समजतो, मोटरसायकल आहे. एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाक्यांचा दिवा इंजिन चालू असताना कायम लागलेलाच असतो, त्यामुळे एक दिवा म्हणजे दुचाकी हे समीकरण आता दिवसासुद्धा डोक्यात पक्कं बसलंय.

त्यातून गेलेला दिवा ड्रायव्हरच्या बाजूचा असेल तर प्रकरण आणखी वाईट. आपण डावीकडून गाडी चालवतो, म्हणजे ड्रायव्हरची उजवी बाजू रस्त्याच्या मध्याकडे. तो दिवा बंद, आणि चालू आहे तो कडेचा. समोरच्याला वाटतं, कुणी मोटरसायकलवाला शहाण्यासारखा कडेने येतोय. प्रत्यक्षात त्या दिव्यापासून मध्याच्या दिशेने चार-पाच फूट लोखंड अंधारात पुढे सरकत असतं. मागच्या पावसाळ्यात ए विंगमधल्या आपल्या एक ताई स्कूटरवरून क्लासहून परत येत होत्या, तेव्हा हेच झालं. मोटरसायकल समजून त्यांनी तेवढीच जागा सोडली आणि शेवटच्या क्षणी कळलं की ती जीप आहे. त्या स्कूटरसकट कडेच्या चिखलात गेल्या. मनगटावर निभावलं. जीपवाल्याला बहुधा पत्ताही लागला नसेल.

डावीकडचा दिवा गेला तर धोका पायी चालणाऱ्याला आणि सायकलवाल्याला. डिपरचा झोत मुद्दामच डावीकडे थोडा वर आणि लांब टाकलेला असतो, कडेची माणसं दिसावीत म्हणून. तेव्हा कुठलाही दिवा गेला तरी तो आजच बदलायचा.

आता काम. आपल्या सोसायटीतल्या बऱ्याच जुन्या आणि छोट्या गाड्यांत ‘एच-फोर’ नावाचा हॅलोजन बल्ब असतो, १२ व्होल्टचा, ६०/५५ वॅटचा. आत दोन तारा असतात: अप्परची ६० वॅटची, डिपरची ५५ वॅटची. म्हणून कधीकधी अप्पर लागतो, डिपर लागत नाही. मग लोक खुशाल अप्परवर शहरभर फिरतात! बल्ब अर्धा गेला म्हणजे गेलाच. तुमच्या गाडीला कुठला लागतो ते गाडीबरोबरच्या पुस्तकात लिहिलेलं असतं. ते पुस्तक डिकीत प्लास्टिकच्या पिशवीत, न उघडलेलं सापडेल. साधा बल्ब दोन-तीनशे रुपयांच्या आसपास मिळतो.

आधी गाडी बंद, दिवे बंद, किल्ली बाहेर. बल्ब नुकताच चालू असेल तर पंधरा-वीस मिनिटं थांबायचं, चहा घ्यायचा. चालू हॅलोजनची काच अडीचशे अंशांच्याही वर तापते, चटका म्हणजे चांगलाच चटका. हातातलं घड्याळ, अंगठी, कडं काढून ठेवा. शेजारीच बॅटरी असते आणि तिच्या टोकांवर धातू टेकला तर अंगठी बोटासकट भाजते. बॉनेटचा टेकू नीट लागलाय ना ते हलवून बघा.

हेडलाइटच्या मागे तीन पात्यांवर बसलेला प्लग दिसेल. तो सरळ मागे ओढायचा. घट्ट असतो, डावा-उजवा किंचित हलवत काढा, वायर धरून ओढू नका. त्यामागे रबरी टोपी, ती सोलून काढायची. मग तारेची क्लिप. हिच्यापाशी लोक अडतात. ती दाबून बाजूला सरकवली की सुटते. कशी बसली होती त्याचा आधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा. काही गाड्यांत बॅटरी अशी मध्ये येते की हातच जात नाही. तिथे सगळं बोटांनी चाचपून करावं लागतं. आपल्या वयाच्या मंडळींनी नातवाचा हात उसना घ्यावा, तो बारीक असतो.

जुना बल्ब काढून उजेडात धरा. आतली तार तुटलेली किंवा काच काळी-दुधी झालेली दिसेल. बल्ब ठणठणीत दिसला तर फ्यूज बघायचा. बऱ्याच गाड्यांत डाव्या-उजव्या दिव्याचा फ्यूज वेगळा असतो.

नव्या बल्बच्या काचेला बोट लावायचं नाही. हे सोवळं नाही, याला कारण आहे. ती काच क्वार्ट्‌झची. बोटाचं तेल आणि घामातलं मीठ तिच्यावर राहिलं की तेवढाच भाग जास्त तापतो आणि काच तिथेच बाद होते. बल्ब धातूच्या बुडाला धरा, किंवा स्वच्छ कोरड्या फडक्याने. बुडावर तीन कान असतात, वरचा रुंद आणि खालचे दोन अरुंद, त्यामुळे बल्ब एकाच बाजूने बसतो. बसत नसेल तर जोर लावू नका, फिरवून बघा. मग क्लिप आणि रबरी टोपी. टोपी नीट बसली नाही तर पहिल्याच पावसात आत पाणी जातं. शेवटी प्लग.

दोन्ही बल्ब एकाच वयाचे असतील तर एक गेल्यावर दुसराही फार दिवस काढत नाही. मी दोन्ही बदलतो आणि चांगला असलेला जुना, कागदात गुंडाळून, गाडीत ठेवतो.

आता भांडणाचा मुद्दा. दुकानदार म्हणतो, काका, नव्वद-शंभर वॅटचा घ्या, दिवस पडेल. हिशेब करा. १२ व्होल्टवर ६० वॅट म्हणजे ५ अँपिअर, १०० वॅट म्हणजे ८ च्या वर. कंपनीने वायर आणि प्लग दिलाय तो पाचाच्या हिशेबाने. प्लग वितळतो, आतला आरसा करपतो. आणि तरुण मंडळी हॅलोजनच्या जागी पांढरे एलईडी बसवतात, ते तर मला मुळीच पटत नाही. हॅलोजनमध्ये डिपरच्या तारेखाली एक छोटी धातूची वाटी असते, ती नको तिकडचा उजेड अडवते. आरशाचा आकार त्या तारेच्या नेमक्या जागेसाठी केलेला असतो. एलईडीचा ठिपका त्या जागी नसला की उजेड समोरच्याच्या डोळ्यांत. तुम्हाला वाटतं झकास दिसतंय. समोर सत्तरीचा माणूस असेल तर त्याची बाहुली आकसलेली, डोळ्यातलं भिंग पिवळटलेलं, झोत गेल्यावर रस्ता पुन्हा दिसायला त्याला तरुणापेक्षा जास्त वेळ लागतो. तेवढ्यात गाडी आंधळेपणाने किती पुढे जाते! ज्या गाड्यांत कंपनीचेच एलईडी आहेत त्यांची गोष्ट निराळी, त्यांत बल्ब बदलायचा प्रश्न बहुधा येतच नाही. झेनॉन दिवे असतील तर मात्र हात लावू नका, त्यांत हजारो व्होल्टचा दाब तयार होतो. आणि बंपर काढल्याशिवाय बल्ब निघत नसेल, तर सरळ गॅरेजला जा.

स्टीअरिंगजवळ ०, १, २, ३ असं लिहिलेलं एक छोटं चाक बऱ्याच गाड्यांत असतं. ते कशासाठी, असं मी गेल्या महिन्यात सहा जणांना विचारलं, एकाला माहीत होतं. मागे माणसं आणि डिकीत सामान भरलं की गाडीचं नाक वर होतं, झोतही वर जातो. आकडा वाढवला की झोत खाली येतो. गावाला निघताना तेवढं बघा.

बल्ब बसवल्यावर तपासणी. बँकेत एकाने व्हाउचर करायचं आणि दुसऱ्याने पास करायचं, तसंच. एकाने आत बसून डिपर-अप्पर करायचं, दुसऱ्याने समोर उभं राहायचं. गाडी सपाट जागी भिंतीकडे तोंड करून लावा. डिपरचे दोन्ही डाग सारख्या उंचीवर हवेत. एक वर चढलेला दिसला तर बल्ब वाकडा बसलाय, पुन्हा काढून बसवा.

आपल्या बी विंगच्या मागची कंपाउंडची भिंत याला उत्तम आहे, गेल्याच वर्षी रंगवलीय. वॉचमनला सांगून ठेवलंय, तो आता तिथले दिवे बंद करील. फडकं आणि दोन बल्ब मी आणलेत. ज्यांच्या गाडीचा एक डोळा मिटलेला आहे, त्यांनी किल्ली घेऊन माझ्याबरोबर यावं. चहा भिंतीपाशीच येईल.