गुप्त दान आणि उघडा दिवा



आपल्या धर्मग्रामाच्या महोत्सवाचे प्रसंगीं सातारा व सांगली जिल्ह्यांत सेवाकार्य करणाऱ्या मंडळींपुढें चार शब्द बोलण्याचा योग आला आहे. लहान धर्मादाय संस्थांनीं समाजमाध्यमें कशीं जाणावीं व कशीं वापरावीं, हा आजचा विषय होय.

कित्येक भाविक विचारितात कीं, दान गुप्त असावें असें प्रभूनें शिकविलें असतां आम्हीं सेवेचा डांगोरा कां पिटावा? शंका योग्य आहे. परंतु दिवा मापाखालीं झांकूं नये, हीही त्याच प्रभूची शिकवण, आणि ती त्याच डोंगरावरील प्रवचनांत आहे. दोहोंचा मेळ आम्ही असा घालतों: दात्याची प्रौढी झांकावी, गरज आणि हिशेब उघडे ठेवावे.

नव्या साधनांस ख्रिस्तसभा कधीं भ्याली नाहीं. गोव्यांत इ. स. १५५६ मध्यें येशूसंघीयांनीं छापखाना चालविला. १९३१ मध्यें व्हॅटिकनची नभोवाणी सुरू झाली. १९६३ मध्यें दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें संपर्कसाधनांविषयीं स्वतंत्र आदेशपत्र काढिलें.

आपल्या मातींतील उदाहरणेंही थोडीं नाहींत. कर्मवीर भाऊराव पाटील यांनीं १९१९ मध्यें काले येथें रयत शिक्षण संस्था स्थापिली. तिच्या वसतिगृहांसाठीं घरोघरीं मूठभर धान्य काढून ठेवीत. ती मूठ कोणासाठीं, हें देणारीस ठाऊक असे. म्हसवड येथें माणदेशी संस्थेनें २००८ मध्यें स्वतःचें नभोवाणी केंद्र सुरू केलें. २०१६ च्या वॉटर कप स्पर्धेंत कोरेगांव तालुक्यांतील वेळू गांव पहिलें आलें. त्याची कीर्ति चित्रफितींनीं दूरवर नेली खरी, परंतु आधीं गांवानें फावडें हातीं घेतलें होतें. काम आधीं, वार्ता मागून, हा क्रम विसरूं नये.

२०१९ च्या ऑगस्टांत सांगलीच्या आयर्विन पुलापाशीं कृष्णेचें पाणी ५७ फुटांवर चढलें. अशा वेळीं व्हॉट्सॲपवरील एक संदेश होडी आणवूं शकतो, आणि तारीख नसलेला तोच संदेश पूर ओसरल्यावरही फिरत राहून नको असलेल्या वस्तूंचे ढीग घालूं शकतो. म्हणून प्रत्येक आवाहनांत तारीख, ठिकाण, नेमकी गरज व विचारपूस करण्याचा क्रमांक असावा. गरज भागतांच तसें तितक्याच ठळकपणें कळवावें.

आतां सर्वांत नाजूक गोष्ट. दीनांचें दुःख दाखविल्यानें पैसा लवकर जमतो, आणि तेथेंच मोह आहे. ज्याच्या हातीं आपण शिधा ठेवितों, त्याचा चेहराही आपल्या मालकीचा झाला, असें मानूं नये. संमति आधीं घ्यावी. ‘नाहीं’ म्हणणाऱ्यास शिधा तितकाच द्यावा. अनाथालयांतील बालकांची ओळख प्रकट करणें तर २०१५ च्या बालन्याय कायद्याच्या ७४ व्या कलमान्वयें गुन्हाच आहे.

पैशाविषयींही सावध असावें. फेसबुकावरील आवाहन परदेशांतही वाचलें जातें. परकीय नागरिकाची देणगी घेण्यास विदेशी अंशदान कायद्याखालीं नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. दुबईंतील भारतीय नागरिकानें स्वतःच्या मिळकतींतून बँकेद्वारें पाठविलेलें दान मात्र विदेशी गणलें जात नाहीं.

आमची सूचना साधी आहे. प्रत्येक संस्थेनें दोघांस नेमावें: दूरध्वनियंत्र लीलया हाताळणारा एक तरुण आणि जमाखर्च जाणणारी एक वडीलधारी व्यक्ति. दोघांच्या संमतीवांचून कांहींही प्रसिद्ध करूं नये. महिन्यांतून एकदां काय मिळालें, कोठें खर्चिलें व काय उणें राहिलें, हें सरळ मराठींत लिहावें. किती जणांनीं अंगठा दाखविला हें मोजीत बसूं नये. किती जण प्रत्यक्ष कामास आले, हें मोजावें.

आपण जी सेवा करितों ती प्रभूची आहे. तिची वार्ता सत्य, विनम्र व दीनांचा मान राखणारी असो, आणि आपल्या सर्व कार्यांवर त्याचा आशीर्वाद राहो. आमेन.