गिलाव्याखालचे दुखणे
(मंडळाच्या वार्षिक सभेत केलेले भाषण)



मी सातवी शिकलेली. मोठ्या शब्दांचे भाषण मला जमायचे नाही. पण बोलायचे आहे ते डोक्यावरच्या छताविषयी, आणि दिवसभर त्या छताखाली वावरतो आपण बायकाच.

मुंबईतल्या सरकारी चाळी आणि वसाहती आता थकल्या. वरळी-नायगावच्या बी.डी.डी. चाळी तर शंभर वर्षांच्या; तिथे आता जुन्या जागी टॉवर उभे राहत आहेत. आपला नंबर लागेल तेव्हा लागो. तोवर राहायचे आहे याच भिंतींत.

यंदा दुसऱ्या मजल्यावर एक बाई पोळ्या लाटत असता छताचा पोपडा थेट पोळपाटावर पडला. कचेरीची माणसे आली, सिमेंट थापले, चुना फासला, गेली. चहा मात्र दोनदा झाला! पंधरा दिवसांत तिथेच पुन्हा ओल. कारण दुखणे गिलाव्यात नव्हतेच. वरच्या न्हाणीचे पाणी स्लॅबमध्ये मुरते, आतल्या सळ्या गंजतात, गंजलेले लोखंड फुगते आणि काँक्रीटला फोडून बाहेर येते. आधी गळती बंद झाली पाहिजे. मग सैल काँक्रीट काढून सळ्या घासायच्या, झिजलेल्या बदलायच्या आणि मगच नवा थर. तोवर खाली लोखंडी टेकू हवेत. वरच्या मजल्यावरच्या भगिनींनी रागावू नये, पण न्हाणी तुमची असली तरी तिचे पाणी खालच्यांचे छत खाते.

गिलाव्यावरच्या केसाएवढ्या भेगेला घाबरू नका. पण खांबावर उभी भेग गेली, दार एकाएकी अडकू लागले, छत ठोकल्यावर पोकळ वाजले, तर त्याच दिवशी कळवा. तेही तोंडी नको. अर्ज दोन प्रतींत करा आणि एकीवर पोचेचा शिक्का घ्या.

तीस वर्षांवरच्या इमारतीची नोंदणीकृत इंजिनिअरकडून तपासणी व्हावी, असा मुंबई महापालिकेचा कायदाच आहे. अहवालात ‘सी-१’ लिहिले तर इमारत रिकामी करून पाडायची. ‘सी-२ए’ म्हणजे काही भाग रिकामा करून मोठी दुरुस्ती, ‘सी-२बी’ म्हणजे राहत्या घरी दुरुस्ती, आणि ‘सी-३’ म्हणजे किरकोळ. आपल्या इमारतीचा शेरा कोणता, हे विचारायला लाजू नका.

घर रिकामे करा म्हटले की पोटात गोळा येतो, हे मला ठाऊक आहे. संक्रमण शिबिरात गेलेली कित्येक कुटुंबे वर्षानुवर्षे तिथेच अडकली आहेत. म्हणून किल्ली देण्याआधी हाच गाळा परत मिळेल, असे लेखी घ्या. पण कागदासाठी भांडताना टेकू लावलेल्या खोलीत मुले निजवू नका. २७ सप्टेंबर २०१३ रोजी डॉकयार्ड रोडजवळ महापालिकेचीच इमारत सकाळी कोसळली. ६१ माणसे गेली. तिथे पालिकेचे कर्मचारीच कुटुंबांसह राहत होते. मालक सरकारी आहे म्हणून भिंत काही जास्त दिवस टिकत नाही.

आपल्या दोन अर्जांना उत्तर आलेले नाही. तिसरा तयार आहे. त्यात प्रत्येक खोलीची गळती आणि भेग वेगळी लिहिली आहे. तळमजल्याच्या अकरा घरांच्या सह्या राहिल्या आहेत. वही मंडळाच्या कपाटात आहे, आणि किल्ली माझ्याकडे.