साहेबाचा दिवस कोण चालवीत होतं?

मला विषय दिला आहे 'दूरच्या बेटावरच्या तरुण मिशनऱ्याचा दिवस', आणि मिनिटं दिली आहेत दहा. मी पाथर्डी तालुक्यातल्या तिसगावचा. आमच्या भागात उन्हाळ्यात प्यायचं पाणी टँकरनं येतं. अशा माणसानं समुद्रावर बोलावं हे आकाशवाणीला कसं सुचलं, ते त्यांनाच ठाऊक. पण माणूस बरोबर धरला म्हणायचा. कारण बोस्टनच्या ज्या अमेरिकन बोर्डानं पॅसिफिकमधल्या बेटांवर तरुण पोरं पाठवली, त्याच बोर्डानं आपल्या नगर जिल्ह्यातही पाठवली. हवाईला १८२० साली, नगरला १८३१ साली. पाठवणारं कार्यालय एक आणि ज्यांत अहवाल छापून यायचे ती मासिकंही एकच.

तर आधी बेट. हिरॅम बिंगहॅम हा पंचविशी नुकती ओलांडलेला तरुण १८५७ साली बायकोला घेऊन आबाइयांगवर उतरला. आजच्या किरिबाटी देशात आहे ते. पोवळ्यांवर साठलेल्या वाळूची अरुंद पट्टी, आत खारं पाणी, बाहेर खारं पाणी. नारळ उदंड, केवड्याच्या जातीची झाडं उदंड, पण वांगी-मिरची लावू म्हणाल तर माती नाही. विहीर खणली तर पाणी मचूळ. 'मॉर्निंग स्टार' नावाचं जहाज वर्षातून एकदा पीठ आणि पत्रं घेऊन यायचं. अमेरिकेतल्या रविवारच्या शाळांतल्या मुलांनी दहा-दहा सेंट घालून ते जहाज बांधवलं होतं. घरून आलेल्या पत्रात आई आजारी असल्याचं कळलं, तर ती बरी झाली की नाही हे पुढच्या वर्षी कळणार. साहेब सकाळी शाळा घ्यायचा, दुपारी बेटावरच्या लोकांच्या तोंडून एकेक शब्द टिपायचा, संध्याकाळी प्रार्थना. पुढं त्यानं अख्खं बायबल त्या लोकांच्या भाषेत आणलं, ते पुरं व्हायला १८९० साल उजाडलं. माणूस मोठा, यात शंका नाही.

आता माझा प्रश्न. बिंगहॅमबरोबर त्या वाळूवर आणखी कोण उतरलं?

कानोआ उतरला. हवाई बेटावरचा माणूस, तोही बायकोला घेऊन. बिंगहॅमची प्रकृती ढासळली आणि १८६४ साली त्याला बेट सोडावं लागलं. कानोआ पुढंही वर्षानुवर्षं त्याच बेटांच्या पुंजक्यात काम करत राहिला. आता सांगा, बिंगहॅमचं नाव ऐकलेले तुमच्यापैकी काही असतील. कानोआचं किती जणांनी ऐकलंय? आणि कानोआच्या बायकोचं?

मी याला लग्नपत्रिकेचं दुखणं म्हणतो. पत्रिकेवर कोण असतं? वर, वधू, आजे-पणजे, निमंत्रक, 'आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं' म्हणणारी चिमुरडी, आणि हल्ली तर आमदारांचा फोटोही. आचाऱ्याचं नाव असतं का? रात्रभर चुलवणापाशी बसलेल्याचं? मांडव घालणाऱ्याचं, पत्रावळी उचलणारीचं? नसतं. तेवढ्यापुरतं ठीक आहे, कारण जेवून आलेल्याला सगळं माहीत असतं. पण शंभर वर्षांनी नुसती पत्रिकाच हाती उरली, तर वाचणारा काय समजेल? नवरदेवानंच बुंदी पाडली! मिशनच्या अहवालांचं तेच झालं आहे. पत्रिका बोस्टनला छापली, पंगत इथं उठली.

चला, आपल्या जिल्ह्यात येऊ. थंडीतला दौऱ्याचा दिवस घ्या. ज्वारी हुरड्यावर आलेली. तरुण साहेब कॉलेजातून नुकताच आलेला, मराठी कच्ची. भल्या पहाटे तंबूबाहेर पाणी तापतंय. ते कुणी आणलं? गाडी रात्रीतून पुढच्या गावाला पोहोचली, बैल कुणी हाकले? तंबू चिंचेखाली ठोकायचा की आंब्याखाली, गावात कुणाशी आधी बोलायचं, पाटलाची मर्जी कशी आहे, हे साहेबाला कोण सांगायचं? आठ वाजता पंडित यायचे आणि साहेबाच्या तोंडातला 'ळ' सरळ करायचे. दुपारी औषधाची पेटी उघडायची, तापाला क्विनाईन, डोळ्यांत थेंब. म्हातारी काय दुखतंय ते आपल्या बोलीत सांगते. साहेबाला त्यातलं निम्मं कळतं आणि शेजारी उभा असलेला कुणीतरी उरलेलं निम्मं समजावतो. रात्री कीर्तन. साहेबाच्या प्रवचनाला चार माणसं बसायची, कीर्तनाला गाव लोटायचं. ते ख्रिस्ती कीर्तन उभं केलं कृष्णराव सांगळ्यांसारख्या मराठी माणसांनी. अहवालात या सगळ्यांना मिळून दोनच शब्द येतात, 'देशी मदतनीस'. अनेकदा तर आकडाच येतो, अमुक मदतनीस, तमुक शाळा.

पुन्हा सांगतो, कारण मुद्दा निसटतो. साहेब काम करत नव्हता असं मी म्हणत नाही. नगरचं ठाणं उभं राहिलं त्यानंतर वर्षभरातच विल्यम हर्वी पटकीनं गेले. सिंथिया फॅरार एकटी बाई, मुलींना शिकवता शिकवता १८६२ साली नगरातच वारली. सावित्रीबाई फुल्यांनी शिक्षिकेचे धडे तिच्याकडे घेतले. उपकार विसरा असं कोण म्हणतो? मी म्हणतो, दुसरं नाव विचारा. प्रत्येक साहेबाच्या नावापाशी थांबून दुसरं नाव विचारा.

काहींना ते मिळालं, हेही सांगायला हवं. कुणाला मिळालं ते मात्र नीट पाहा. नगरच्या पहिल्या मंडळींत बाबाजी नावाचे ख्रिस्ती झालेले ब्राह्मण होते. हॉलिस रीड या मिशनऱ्यानं १८३६ साली त्यांचं चरित्र न्यूयॉर्कला छापलं, तेही दोन खंडांत! हरिपंत खिस्ती, रामकृष्णपंत मोडक, ही नावंही कागदावर आहेत. आणि महारवाड्यातली शाळा चालवणारा मास्तर? तंबू उठला की साहेब पुढच्या गावाला जायचा. मास्तर तिथंच. ज्या गावात त्याला पाणवठ्यावर जाता येत नाही, चावडीवर बसता येत नाही, तिथं त्याला रोज सकाळी पोरं गोळा करायची. साहेबावर कुणी दगड मारला तर कलेक्टरापर्यंत बोभाटा व्हायचा. मास्तरावर मारला तर? त्याच्यावर दोन खंड सोडा, दोन ओळी मला दाखवा. पत्रिकेवर ब्राह्मण आचाऱ्याचं नाव एखाद्या वेळी येतं, भांडी घासणारीचं कधीच येत नाही.

तुम्ही म्हणाल, मास्तर जुन्या काळचे झाले, आता काय करायचं? लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' आठवा. ती तुम्ही सगळ्यांनी वाचली आहेत असं मी धरून चालतो. वाचली नसतील तर आज रेडिओ बंद झाल्यावर पहिलं काम तेच करा. त्यात नगर आहे, राहुरी आहे, प्लेग आहे, घरात येऊन पडलेली माणसं आहेत आणि स्वयंपाकघर आहे. तो तपशील उरला, कारण घरातल्याच बाईनं तो लिहिला. साहेबानं लिहिला असता तर लक्ष्मीबाई 'रेव्हरंड टिळकांची पत्नी' एवढ्यावर आटोपल्या असत्या.

वडाळा बहिरोबाचे सॅम्युअल फेअरबँक तुम्हांला माहीत असतील. १८४६ साली हिंदुस्थानात आले, धर्मकार्याबरोबर पक्षी आणि शंख-शिंपले जमवायचा नाद. ॲलन ह्यूम यांच्या पक्ष्यांवरच्या नियतकालिकात त्यांनी लिहिलं. दक्षिणेतल्या पळणी डोंगरात एक चिमुकला गाणारा पक्षी आहे, त्याच्या शास्त्रीय नावात आजही फेअरबँक आहेत. मला अभिमान वाटतो, आपल्या जिल्ह्यातल्या माणसाचं नाव पक्ष्याला! पण लगेच मनात येतं, डोंगरातून गोळा केलेले ते नमुने खांद्यावरून कुणी वाहिले? ही खोड आता जात नाही.

आणि बिंगहॅमचं घराणंही तसंच. आबाइयांगवाल्या बिंगहॅमचा मुलगा, त्याचंही नाव हिरॅमच. १९११ साली पेरू देशात माचू पिचू 'शोधून काढलं' म्हणून तो गाजला. त्याला डोंगरावर नेणारा तिथला शेतकरी होता, मेल्चोर आर्तेआगा. वर पोहोचले तर तिथं शेती करून राहणारी कुटुंबं होती! शोधलं म्हणे.

काचेपलीकडून दोन बोटं दाखवत आहेत. म्हणजे दोन मिनिटं. मग कामाचं बोलतो.

नगर, नेवासे, शेवगाव, पाथर्डी, राहुरी या पट्ट्यात जुनी चर्चेस आहेत. त्यांची शताब्दी झाली, शतकोत्तर रौप्यमहोत्सव झाले, स्मरणिका निघाल्या. पहिल्या पानावर दाढीवाल्या गोऱ्या साहेबाचा फोटो, मग जाहिराती, मग समितीचे फोटो. थोडा राग येऊन सांगतो, समितीतल्या प्रत्येकाचा पणजोबा कुठल्यातरी शाळेत मास्तर होता, नाहीतर साहेबाची गाडी हाकत होता, आणि त्याचं नाव त्या स्मरणिकेत नाही. बाहेरच्यांनी विसरलं तर समजू शकतो. अहो, घरच्यांनी?

बाप्तिस्म्याच्या वह्या बघा. 'ज्ञानोदय' १८४२ साली नगरला सुरू झाला; त्याचे जुने अंक बघा, त्यात मृत्युवार्ता आहेत, पत्रं आहेत, मास्तरांनी स्वतः पाठवलेल्या हकिकती आहेत. साहेब लोकांची इंग्रजी पत्रं नंतर. आधी घरातली म्हातारी माणसं. आजीला 'मिशनरी कसे होते' असं विचारू नका, ती 'फार चांगले होते' म्हणून मोकळी होईल. बंगल्यावर पाणी कोण भरायचं, पगार किती तारखेला व्हायचा, दुष्काळात धान्य कोण मापून द्यायचं, बाळंतपणाला कोण धावायचं, असं विचारा. मग नावं पडायला लागतात. आडनावासकट, गावासकट. ती लगेच लिहून घ्या, मोबाईलवर आवाज भरून ठेवला तरी वहीतही लिहा, आणि तारीख घाला.

बायबल वाचून दाखवत घरोघर फिरणाऱ्या बायांबद्दल मला खरं तर सगळ्यात जास्त बोलायचं होतं. त्यांच्यातल्या कितीतरी जणी विधवा, थोरपणी अक्षर शिकलेल्या, उन्हातान्हात चार-चार कोस... एक बोट दाखवलं. बरं. त्यांच्याबद्दल कुणाच्या घरात कागद असेल, फोटो असेल, नुसती आठवण असेल, तर आकाशवाणीच्या पत्त्यावर माझ्या नावानं कळवा. मी तिसगावहून स्वतः येईन, फक्त पाथर्डीच्या बाजाराचा दिवस सोडून.