मशीनगनचे पाणी

(समाजमंडळाच्या वार्षिक मेळाव्यात एका निवृत्त सैनिकाने केलेले भाषण)



'लष्करातील आठवणी' या विषयावर चार शब्द बोलावेत, अशी मंडळाच्या चिटणीसांनी आज्ञा केली, तेव्हा आम्ही प्रथम नकारच दिला. आम्ही वक्ते नव्हे. शिवाय ज्या यंत्राशेजारी आमची उमेदीची वर्षे गेली, त्याने आमच्या उजव्या कानाची शक्ती कायमची हिरावून घेतली आहे. सभेत कोण काय म्हणतो, ते आम्हास निम्मेच ऐकू येते. परंतु चिटणीसांनी एक हकीकत सांगितली आणि आमचा नाइलाज झाला. आपल्या समाजातील एका दिवंगत हवालदारांची लोखंडी ट्रंक घर बदलताना भंगारवाल्याकडे गेली. तिच्यात त्यांचे डिस्चार्ज बुक होते, पदके होती. घरच्या माणसांच्या मनात काही वाईट नव्हते. त्या वस्तूंचा अर्थ त्यांना कोणी सांगितलाच नव्हता. हा दोष मुलांचा नव्हे, न बोलणाऱ्या आम्हा म्हाताऱ्यांचा आहे. म्हणून आज बोलण्याचे धाडस करीत आहोत.

शिपाईपेशा आपल्या समाजास नवा नाही. मुंबई इलाख्याच्या सैन्यात आपल्या पूर्वजांनी पिढ्यान् पिढ्या चाकरी केली. पुढे १८९२ च्या सुमारास सरकारने आपल्या भरतीचे दार बंद केले. पहिल्या महायुद्धात माणसांची गरज पडली तेव्हा १९१७ साली १११ वी महार पलटण उभी राहिली, आणि गरज सरताच १९२१ साली ती मोडण्यात आली. दुसरे महायुद्ध सुरू झाल्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या प्रश्नाचा सरकारकडे नेटाने पाठपुरावा केला. १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावास महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली. १९४६ साली तिचे मशीनगन रेजिमेंटमध्ये रूपांतर झाले. पुढे १९६० नंतरच्या वर्षांत ती पुन्हा पायदळात आली, तरी तिच्या बिल्ल्यावर एकमेकींस छेदणाऱ्या दोन व्हिकर्स मशीनगन आजही आहेत. ज्यांना एकदा सैन्यास नालायक ठरविले होते, त्यांच्या हाती पायदळातील अत्यंत जोखमीचे हत्यार सोपविले गेले, ही गोष्ट आपल्या मुलांना ठाऊक असावी.

आम्ही १९५९ साली भरती झालो आणि मध्य प्रदेशातील सागर येथे रेजिमेंटच्या केंद्रात शिकलो. तेथे व्हिकर्सची आणि आमची गाठ पडली. सिनेमात एकच वीर मशीनगन काखेत धरून गोळ्यांचा पाऊस पाडतो, ते पाहून आम्हास हसू येते. व्हिकर्स एका माणसाची कधीच नव्हती. नुसती गन सुमारे १५ किलोंची, तिची तिपाई सुमारे २३ किलोंची आणि २५० गोळ्यांच्या पट्ट्याची एकेक पेटी सुमारे १० किलोंची. नंबर एक तिपाई वाहतो आणि गन चालवितो. नंबर दोन गन वाहतो आणि गोळीबार चालू असता उजव्या बाजूने कापडी पट्टा सरळ धरून आत सोडतो. नंबर तीन गोळ्या आणि पाणी आणून देतो. पट्टा भिजून फुगला, त्यातील एखादी गोळी मागेपुढे झाली, की गन अडते. मग बाजूच्या मुठीचा दांडा कोठे थांबला आहे एवढ्यावरून, काळोखात नुसत्या हाताने चाचपून, दोष ओळखावा लागतो. हे सारे डोळे बांधून करता येईपर्यंत उस्ताद आम्हास जेवावयास सोडीत नसत.

गोळीबाराचा अनुभव विचाराल तर तो असा. मागच्या दोन्ही मुठी धरावयाच्या, बोटांनी खटका उचलावयाचा आणि अंगठ्यांनी चाप दाबावयाचा. वीस-पंचवीस गोळ्यांची एक झड जाते, जमीन पोटाखाली थरथरते आणि दात वाजू लागतात. नेम सरकवावयाचा तर तळहाताने मुठीवर हलकी थाप मारावयाची. जरा जास्त लागली तर फुकट, जरा कमी लागली तरी फुकट. कित्येकदा आमच्या गोळ्या पुढे चाललेल्या आपल्याच जवानांच्या डोक्यांवरून जात. कोनाच्या हिशेबात बोटभर चूक झाली तर आपलाच माणूस पडावयाचा. आम्ही पुष्कळ गोष्टींना भ्यालो. परंतु या हिशेबाला जितके भ्यालो, तितके शत्रूला नाही.

आता आजच्या मुख्य गोष्टीकडे वळतो. व्हिकर्सला पाणी लागते. तिच्या नळीभोवती पत्र्याचे वेष्टन असते आणि त्यात सुमारे चार लिटर पाणी राहते. एकसारखा मारा केला तर काही मिनिटांतच ते उकळू लागते. वाफ रबरी नळीने एका डब्यात नेतात. एक तर वाफेने ठिकाण उघडे पडू नये आणि दुसरे म्हणजे तेच पाणी पुन्हा वापरता यावे. पाणी संपले की गन संपली. १९४७-४८ च्या जम्मू-काश्मीरच्या लढाईतून आलेले आमचे उस्ताद म्हणत, "पोरांनो, तुमची तहान नंतर, आधी हिची." त्याच लढाईत आपल्या रेजिमेंटचे नाईक कृष्णा सोनावणे यांना महावीर चक्र मिळाले. उस्तादांच्या तोंडी ते नाव वारंवार येई.

भगिनींनो, पाणी हा शब्द आमच्या कानी निराळाच पडतो. आमच्या लहानपणी गावच्या विहिरीवर आमची आई घागर घेऊन दूर उभी राहत असे. कोणाला दया आली तर वरून पाणी मिळे. नाही तर ऊन डोक्यावर येईपर्यंत उभे राहावे लागे. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह १९२७ सालचा. परंतु कित्येक गावांतील विहिरींना त्यानंतरही बरीच वर्षे जाग आली नाही. अशा घरचा मुलगा सैन्यात गेला आणि पाणी पिणाऱ्या यंत्राचा नंबर एक झाला.

मशीनगनच्या तुकड्या एका ठिकाणी राहत नसत. त्या वाटून दुसऱ्या पायदळ पलटणींना जोडल्या जात. १९६२ च्या हिवाळ्यात आमची तुकडी तेव्हाच्या नेफा प्रांतात, म्हणजे आजच्या अरुणाचल प्रदेशात, अशाच एका परक्या पलटणीबरोबर होती. थंडीने गनमधील पाणी गोठू नये म्हणून त्यात ग्लिसरीन घालतात. ते आमच्याजवळ संपले होते. म्हणून रात्री पाणी काढून ठेवावयाचे आणि पहाटे कोमट करून पुन्हा भरावयाचे, असा क्रम चालला होता. एका पहाटे आमच्याकडे सरपण नव्हते. शेजारच्या खंदकात उत्तरेकडील एका जवानाने चहासाठी डेगचीत बर्फ वितळविले होते. तो ती डेगची घेऊन सरपटत आला आणि म्हणाला, "चाय रहने दो, पहले गन को पिलाओ." गनचे पोट भरले. तळाशी उरलेले पाणी त्याने आणि आम्ही तिघांनी एकाच मगातून प्यायले. त्याने आमची जात विचारली नाही, आम्ही त्याची विचारली नाही. आमची आई ज्यासाठी विहिरीवर तिष्ठत राही, ते त्या डोंगरावर न मागता मिळाले.

उजाडता उजाडता हल्ला झाला. समोरच्या नाल्याच्या तोंडावर आमची गन आदल्या दिवशीच बांधलेली होती. धुक्यात काही दिसत नव्हते. नेमून दिलेल्या रेघेवर आम्ही चार पट्टे, म्हणजे हजार गोळ्या झाडल्या. "किती मारले?" असे तरुण मंडळी आम्हास विचारतात. आम्हास ठाऊक नाही, आणि ठाऊक असते तर आनंदाने सांगितले असते असेही नाही. नाल्यातून कोणी वर आले नाही आणि उजवीकडील तुकडी तेवढ्या अवधीत निघू शकली, एवढेच आम्ही सांगू शकतो.

नंतर माघारीचा हुकूम आला. उतारावर आमच्या नंबर दोनच्या खांद्यात गोळी लागली. गन वाहणे अशक्य झाले. तेव्हा शिकविल्याप्रमाणे तिचे लॉक, म्हणजे तिचे काळीजच, काढून खिशात घातले आणि गन दरीत लोटून दिली. ज्या गनवर स्वतःच्या भावंडापेक्षा अधिक माया केली, तिला लोटताना डोळ्यांत पाणी आले, हे सांगण्यास आम्हास लाज वाटत नाही. नंबर दोन दोन दिवस चालला. तिसऱ्या रात्री त्याने एवढेच विचारले, "लॉक आहे ना तुझ्यापाशी?" आम्ही ते त्याच्या हातात दिले. पहाटेपूर्वी तो गेला. आम्ही ते लॉक तळावर जमा केले.

पुढे रजेवर आल्यावर सातारा जिल्ह्यातील त्याच्या घरी गेलो. त्याच्या आईने पेन्शनचे विचारले नाही, पदकाचे विचारले नाही. तिने विचारले, "शेवटी माझ्या लेकराच्या तोंडात पाणी कुणी घातलं?" आम्ही सांगितले, "आई, त्याच डेगचीवाल्या जवानाने, स्वतःच्या बाटलीतले." ती माउली बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "देव त्याचं भलं करो." त्या जवानाचे पुढे काय झाले, ते आम्हास कधी कळले नाही. त्याची आठवण झाली नाही असा हिवाळा मात्र गेला नाही.

बंधुहो, व्हिकर्स आता सैन्यात नाही. तिच्या जागी हवेने थंड होणारी ७.६२ मिलिमीटरची मशीनगन आली. तिला पाणी लागत नाही. आपली रेजिमेंटही वाढली. तीत आज निरनिराळ्या प्रांतांचे आणि जातींचे जवान आहेत. तिच्या आठव्या पलटणीचे मेजर रामस्वामी परमेश्वरन १९८७ साली श्रीलंकेत धारातीर्थी पडले आणि परमवीर चक्राचे मानकरी झाले. जनरल कृष्णराव आणि जनरल सुंदरजी हे याच रेजिमेंटचे अधिकारी पुढे लष्करप्रमुख झाले. ही नावे ग्रंथांत राहतील. परंतु नंबर दोन आणि नंबर तीन यांची नावे घरच्यांनी जपली तरच राहतील.

म्हणून आमची मंडळास आणि घरोघरच्या मंडळींस काही मागण्या आहेत. घरातील जुनी ट्रंक उघडल्याविना कोणास देऊ नका. डिस्चार्ज बुकाचे प्रत्येक पान वाचा. आजोबा हयात असतील तर त्यांच्या चांगल्या कानाच्या बाजूला बसा आणि 'किती मारले' हे न विचारता, 'तुमचा नंबर कोणता, तुमच्या शेजारी कोण होते, पाणी कोण आणीत असे' हे विचारा. आणि जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत लिहून मंडळाकडे पाठवा. स्मरणिकेने त्यासाठी दरवर्षी चार पाने राखून ठेवावीत.

यश सिद्धी हे आमच्या रेजिमेंटचे ब्रीद. यश कशास म्हणावे, याविषयी मतभेद असतील. आमच्या मते, ज्याच्या हातचे पाणी कोणी घेत नव्हते त्याच्या गनसाठी दुसऱ्याने आपला चहा सोडला, त्या पहाटे पुष्कळसे यश पदरी पडले. उरलेले आपापल्या गावी मिळवावयाचे आहे, आणि ते काम तुमच्या पिढीचे आहे.

बोलो हिंदुस्तान की जय!